न बोललेल्या नवसाची परडी

मी नवस बोलले नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गल्लीतल्या ज्या बायका अजून जिवंत आहेत त्या आजही सांगतात की मी नणंदेसाठी नवस बोलले आणि देवी पावली. त्यांच्यापुढं मी गप्प बसते. कागदावर खोटं लिहायला मात्र जिवावर येतं. चौथीपर्यंतच शिकले, पण दगडी पाटीवरचं पुसता येतं आणि कागदावरचं पुसता येत नाही, एवढा फरक त्या चार वर्षांत डोक्यात बसला.

साल बहात्तर असेल नाहीतर त्र्याहत्तर. थोरला शाळेत जायला लागला होता, धाकटी रांगत होती. आम्ही हुबळीत जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं. नवरा गोकुळ रोडला एका लहान कारखान्यात लेथवर होता. त्या वर्षी पाऊस आला नाही. पाऊस नाही तर शेतकरी उपाशी राहतो, एवढं मला माहीत होतं. लोखंड कापणारा माणूस का उपाशी राहावा, ते मला काही समजेना. नवऱ्यानं समजावलं, की धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून लेथ बंद, लेथ बंद म्हणून पगार नाही. मी मान हलवली. समजलं तरी पटलं नाही.

तो रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यावर जायचा, फाटकापाशी बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. डबा बहुतेक दिवस रिकामाच असायचा. तरी न्यायचा, कारण गल्ली बघते. गल्लीच्या लेखी आम्ही पगाराची माणसं होतो.

आमच्याकडं कुणी भेटलं की पहिलं विचारतात, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का. उत्तर ठरलेलं, "आत्री." झालं. त्या वर्षी सगळी गल्ली एकमेकींना हेच विचारत होती आणि सगळ्याजणी झालं म्हणत होत्या. कुणाचं खरंच झालंय हे ओळखायला काही मार्ग नव्हता. चुलीचा धूर बघून ओळखावं, तर मी स्वतःच नुसतं पाणी चुलीवर ठेवून धूर करत होते.

श्रावण आणि भाद्रपद चांगल्या वर्षीही ओढग्रस्तीचेच. जुना जोंधळा संपत आलेला असतो, नवा अजून रानात. पण चांगल्या वर्षी त्या दिवसांत मुगाच्या शेंगा येतात, अंबाडी येते, बांधाबांधावर खायचा पाला उगवतो. जोंधळ्याच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, ह्यावर महिना निघतो. त्या वर्षी पाला उगवलाच नाही. रेशनवर लाल जोंधळा मिळायचा. परदेशातून आलाय म्हणत. त्याची भाकरी थापली की कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना हातात तुकडे यायचे. तोही पंधरा दिवसांचा आठ दिवसांत संपायचा.

घरात खुंटीवर एक परडी होती, वेताची, पसरट, माझ्या आजेसासूच्या वेळची. आमचं दैवत सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा. तिचा नवस असला की बाईनं मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. चांगल्या खात्यापित्या घरची बाईही मागते. तिला कुणी भिकारीण म्हणत नाही. घालणारीला उलट मान वाटतो, की पाचांत माझं घर धरलं. मूठभर कोरडं पीठ, चिमूट मीठ, एखादी मिरची. शिजवलेलं घालायचं नाही, आणि मिळालेलं पीठ त्याच दिवशी रांधून खायचं, शिळं ठेवायचं नाही.

एका मंगळवारी सकाळी पिठाचा डबा पालथा करून मी तळ थोपटत बसले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"आज मंगळवार," त्या म्हणाल्या.

"होय."

"मंगळवारी परडी घेऊन बाहेर पडलेल्या बाईला कुणी का म्हणून विचारत नाही."

"विचारतात की. कशाचा नवस म्हणून विचारतात."

"मग तोंड आहे ना तुला? इतर वेळी तर चांगलं चालतं."

आपण असलं काही बोललोच नाही, असं आत्या पुढं मरेपर्यंत सांगत होत्या. परडी खुंटीवरून कुणी काढली ह्यावरही आमचं एकमत झालं नाही. मला आठवतं, त्यांनी काढून माझ्यापुढं ठेवली. त्यांना आठवायचं, मी काढली आणि त्या नको नको म्हणत होत्या. आता इतक्या वर्षांनी मलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी कपाळाला भंडारा लावला, हे मात्र नक्की. तो माझ्याच हातानं लावला.

पहिलं घर शेजारच्या शिंपिणीचं. तिचा नवरा दारातच मशीन घेऊन बसायचा आणि हिचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं. मी दारात उभी राहून "उदं गं आई, उदं" म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"अगं बाई! तू? परडी कधी घेतलीस?"

"आजच."

"कुणासाठी गं?"

घरातून निघताना मी ठरवलं होतं की घरच्या सुखासाठी म्हणायचं. पण ती अशी टक लावून बघत होती की माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "वन्संसाठी. आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही."

"यव्वा यव्वा! नणंदेसाठी! इथं लोक सख्ख्या बहिणीसाठी करत नाहीत." तिनं वळून नवऱ्याला सांगितलं, "ऐकलंत का? अशी भावजय असावी." आणि तिनं मूठभर नाही, ओंजळभर पीठ घातलं. मी पुढच्या घरी पोचायच्या आत बातमी तिथं पोचली होती.

माझी नणंद कलघटगीकडच्या खेड्यात दिली होती. माझं आणि तिचं फार काही नव्हतं. सणाला आली की पदराला हात पुसत माझ्या स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणायची, एवढंच. तिला मूल नाही ह्याचं मला दुःख वगैरे काही नव्हतं. हे वाईट वाटेल वाचायला, पण तसंच होतं.

पाच घरांचं पीठ परडीत पाच जागी पडतं. मी ते वाटेत हलवायची नाही. घरी येऊन बघत बसायची. शिंपिणीचं पीठ पांढरं, मऊ. दुसऱ्या घरचं तांबूस, म्हणजे रेशनचा लाल जोंधळा त्यांच्याकडंही आलाय. तिसऱ्या घरच्या पिठात बोटांना भुसा लागायचा, चाळण लावायचं सोडून दिलंय. ज्या घराच्या दाराला पितळी कडी होती त्यांचं पीठ असं भुशाचं, आणि जोडे शिवणाऱ्याच्या घरचं स्वच्छ, नवं. वर्षानुवर्षं "ऊटा आतेन्री" विचारून जे कळलं नाही ते परडीत दिसायचं. पुढं पुढं तर कुणाच्या घरी डाळ संपलीय, कुणाच्या घरी माहेरून काही आलंय, हे मला पिठावरून कळायला लागलं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. पण भाकरी थापताना हात थांबायचा.

नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "आज भाकरी पांढरी कशी?"

"देवीची आहे," मी म्हटलं.

त्यानं भाकरी डोळ्यांना लावली आणि खाल्ली. त्याला खरं वाटलं, की खरं वाटल्यासारखं केलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही.

पाच घरांच्या पिठानं पाच माणसांचा एक दिवस निघतो. आठवड्यात मंगळवार एक आणि शुक्रवार एक. उरलेले पाच दिवस देवीचे नाहीत, पण पोरांना ते कोण सांगणार? म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, पीठ शिळं ठेवायला लागले. आत्या बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. दुसरं, पाचाची दहा घरं केली. पुढची पाच विद्यानगरला, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तिथं कॉलेजात शिकवणाऱ्यांची नवी घरं होती. दारापुढं फुलझाडं. काही ठिकाणी परडीचा अर्थच ठाऊक नव्हता. एका बाईनं पावाचे दोन तुकडे घातले. एकीनं जाळीच्या दारातूनच सांगितलं, "चांगली धडधाकट आहेस. काम करून खा."

"द्या की काम," मी म्हटलं.

तिनं दार लावून घेतलं. मला तिचा राग आला नाही. ती म्हणाली त्यात चूक काय होती, हेच मला घरी येईपर्यंत सापडेना.

आता अव्वाचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी राहायची, विणकराची विधवा. कानडी बोलायची, मराठी समजायची. सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायची. मागं पुढं कुणी नव्हतं. भुईमुगाच्या शेंगा फोडून द्यायचं काम करायची. गाड्यांनी शेंगा यायच्या त्या दिवसांत तिच्या दारात टरफलांचा ढीग पडायचा. त्या वर्षी शेंगाच आल्या नाहीत. तिच्या दारात टरफल नव्हतं.

माझ्या पाच घरांत तिचं घर पाचवं होतं. गल्लीतल्या बाईला टाळून पुढं जाता येत नाही, म्हणून धरलं होतं. पहिल्या दिवशी तिनं मूठभर पीठ घातलं. महिन्याभरानं दोन बोटांची चिमूट झाली. मग एका शुक्रवारी तिनं परडीत नुसतं मीठ घातलं, खड्याचं मीठ, सात-आठ खडे, आणि मला नमस्कार करून पाठ फिरवली. घरी येऊन मी परडी बघितली तर गल्लीच्या चार जागी पीठ आणि पाचव्या जागी ते मीठ. मला हे डोळ्यांनी दिसलं, तरी डोक्यात शिरायला वेळ लागला. मी हिच्या पोटातलं खातेय.

पुढच्या मंगळवारी मी तिचं घर गाळलं. मला वाटलं, सुटली बिचारी. दुपारी नळावर तिनं मला गाठलं. हातातली घागर खाली ठेवली.

"काय गं तंगी, माझ्या घरात सुतक आहे का?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती मला तसंच म्हणायची, पण त्या दिवशी तो शब्द टोचला.

"नाही अव्वा, घाईत होते."

"घाईत शिंपिणीचं घर बरं दिसलं. तिची ओंजळ मोठी, होय?"

नळावरच्या बायका हसल्या. मी म्हटलं, "तुलाच कमी पडत असेल म्हणून."

ते मी बोलायला नको होतं. ती तोंडातल्या तोंडात काही म्हणाली, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "कमी? मला? कोण म्हणतं? माझं जेवण झालंय. सकाळीच झालंय. आईला घालायला माझ्याकडं नेहमी असतं. शुक्रवारी ये तू. आली नाहीस तर बघ."

शुक्रवारी मी गेले. तिनं पीठ घातलं, चांगली मूठभर. ते कुठून आणलं देव जाणे. तिच्या घरात एक पितळी तांब्या असायचा, तो त्या दिवसानंतर मला दिसला नाही. मी परडी मागं घेऊ शकत होते? घेतली असती तर तिचा पुन्हा अपमान. नाही घेतली, म्हणजे तिनं मोडलेला तांब्याच परडीत घेतला. ह्यातलं बरोबर काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या पिठाची भाकरी मी केली, पोरांना घातली, मीही खाल्ली. भूक होती.

असे मार्गशीर्षापर्यंत दिवस गेले. चांगल्या वर्षी येळ अमावास्येला सगळी रानात जेवायला जातात, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, उकडलेली कडबोळी, शेंगाचटणी आणि रानातच उपटून, झाडून, कच्ची खायची पाथरीची पानं. त्या वर्षी रान भेगाळलेलं होतं. कुणी नेमापुरतं जाऊन आलं. परडीत कुणीतरी चार तीळ टाकले, त्यावरून मला सण कळला.

पौषात दोन गोष्टी झाल्या. बाजारात मिरची यायला लागली. ब्याडगीकडं विहिरींवर थोडीफार पिकली होती. मिरचीची डेखं, म्हणजे देठं, खुडायला बायका लागतात. मला काम मिळालं. दिवसभर शिंकायचं, हातांची आग व्हायची, पोरीला दोन दिवस हात लावता यायचा नाही, पण घरात जोंधळा आला. मी परडी खुंटीला लावली आणि सुटले म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात कलघटगीहून निरोप आला की नणंदेला तिसरा महिना लागलाय.

निरोप आत्यांना सांगितला गेला, पण दार उघडं होतं आणि शिंपीण दारातच होती. अर्ध्या तासात माझ्या घरात बसायला जागा उरली नाही. एकीनं माझ्या पायांना हात लावला. दुसरी म्हणाली, "माझ्या भावासाठी पण एक शुक्रवार धर की." मी मिरचीच्या हातांनी तशीच उभी. डोळे चोळले तर आणखी आग झाली आणि पाणी आलं, तर बायका म्हणाल्या, बघा, हिला भरून आलं.

त्या गेल्यावर मी आत्यांना विचारलं, "आता?"

"आता काय? नवस फेडायचा. पाच सवाष्णी जेवू घालायच्या. बाळ झालं की डोंगरावर जाऊन परडी भरायची."

"आत्या, नवस कुठं होता? आपण पिठासाठी गेलो होतो."

"तू पिठासाठी गेली होतीस," त्या म्हणाल्या. "मी मनात बोलले होते. माझ्या लेकीसाठी. त्याच मंगळवारी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. खरं बोलत असतील तर मी चार महिने खऱ्या नवसाची परडी फिरवली आणि मलाच माहीत नव्हतं. खोटं बोलत असतील तर इतक्या सरळ तोंडानं खोटं बोलणारी बाई मी दुसरी बघितली नाही. "मग मला सांगितलं का नाही?" म्हटलं तर म्हणाल्या, "नवस सांगायचा असतो होय?" देवी अशी कशी, आत्या न सांगता बोलल्या ते तिनं ऐकलं आणि मी पीठ शिळं ठेवलं ते तिनं बघितलं नाही? का बघून सोडून दिलं? मला भीतीही वाटायची. खोट्या नवसाचं खरं फळ पोटात वाढत होतं, त्याला काही झालं तर गल्ली कुणाला विचारणार?

नणंद नवऱ्याबरोबर एसटीनं आली. त्यांच्याकडं मलनाडाच्या कडेला पाऊस थोडा तरी होतो, भात पिकतं. तिनं अर्धं पोतं तांदूळ आणि गूळ आणला. आली ती माझ्या पायांवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. "वहिनी, मी तुमच्या मिठाला नावं ठेवायची, आणि तुम्ही माझ्यासाठी दारोदार..." मी तिला उठवलं. तिला काय सांगणार? तुझं नाव नुसतं तोंडात आलं म्हणून सांगू? मी म्हटलं, "ऊठ बाई, ह्या दिवसांत असं वाकू नये." त्या दिवशी तिनं माझी आमटी दोनदा मागून घेतली आणि मिठाचं काही बोलली नाही. मीठ खरंच कमी पडलं होतं.

तिच्या तांदळावर आणि गुळावर पाच सवाष्णी जेवल्या. हरभऱ्याची डाळ थोडी होती, पोळ्यांत पुरण नावाला. शिंपीण चार पोळ्या खाऊन म्हणाली की देवीच्या घरचं कमी पडत नाही. अव्वा सवाष्णीत बसत नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी एका ताटात भात, आमटी, दोन पोळ्या वाढल्या, वर फडकं टाकलं आणि तिच्या घरी गेले. जाताना एकच ठरवलं होतं, हिला खरं सांगायचं. जिचा तांब्या गेला तिला तरी.

ती भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले.

"ऊटा आते, अव्वा?"

"आतु," ती म्हणाली. मग तिची नजर ताटावर गेली. "ते काय?"

"नवसाचं जेवण."

तिनं दोन्ही हात पुढं केले, ताट कपाळाला लावलं आणि मांडीवर घेतलं. फडकं काढलं. पोळीचा तुकडा मोडला. तेवढ्यात मी बोलले, "अव्वा, नवस नव्हताच. घरात पीठ नव्हतं म्हणून मी फिरत होते."

तुकडा तिच्या हातातच राहिला. रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली, जणू मी तिला अवघड गणित घातलंय.

"मग मी कुणाला घातलं?" तिनं विचारलं.



"पाच घरांत माझं घर होतं," ती म्हणाली. "सगळं गेलं ह्या वर्षी, पण पाचांत होतं. आई दारात येते म्हणून मी शुक्रवारी उठून झाडून घ्यायची. ती आई नव्हती? तू होतीस?" आणि तिनं तो तुकडा ताटात परत ठेवला, फडकं ओढलं, ताट माझ्याकडं सरकवलं. "मग हे पण नवसाचं नाही. ने."

तिनं त्या दिवशी काही खाल्लेलं नव्हतं. कदाचित त्याच्या आदल्या दिवशीही नसेल. तरी ताट सरकवताना तिनं जोर लावला. खरं बोललं की बरं वाटतं म्हणतात. मला तर दिसत होतं, की माझ्या खरं बोलण्यानं ही म्हातारी उपाशी राहणार.

"चेष्टा केली गं," मी म्हटलं. "सगळ्या पाया पडतायत, मला कसंतरी झालं, म्हणून बोलले. आत्यांना विचार. त्या स्वतः बोलल्या होत्या नवस. लेकीसाठी."

"तुझी सासू बोलली होती?"

"त्याच मंगळवारी."

हे सांगताना मी खरं बोलत होते की खोटं, ते मला आजही माहीत नाही.

"देवाची चेष्टा करतेस!" आता तिला राग आला. चांगला राग आला, आवाज चढला, तोंडावर रंग आला. "पोटुशी नणंद घरात आहे आणि जीभ अशी चालवतेस? थोबाडीत मारून घे." मी गालावर मारून घेतलं. "दुसऱ्या गालावर." मारून घेतलं. मग तिनं ताट परत ओढलं आणि जेवली. हळूहळू जेवली, पोळीची कडसुद्धा ठेवली नाही.

ती जेवत होती तोवर मी विचार करत होते. माझ्याकडं आता जोंधळा होता. पण मी हिला पायलीभर द्यायला गेले तर ही घेणार नाही. नळावर जे बोलली ते मला पाठ होतं.

मी म्हटलं, "अव्वा, बाळ होईपर्यंत परडी बंद ठेवता येत नाही. मला मिरचीच्या कामाला शुक्रवारी सुट्टी देत नाहीत. तू फिरशील का?"

"मी? विधवेनं?"

"आता पौष आहे. ह्या दिवसांत आईच विधवा असते. माघी पुनवेपर्यंत तिच्या हातात बांगडी नाही. तिला तू चालशील."

हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं, पण तिनं ते नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, "परडी धुऊन दे. मिरचीचे हात लागलेत तुझे."

शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी दारात थांबले. अव्वा आली. नीट नेसलेली, कपाळाला भंडारा. "उदं गं आई, उदं." आवाज माझ्यापेक्षा चांगला होता, पक्का. मी पायली भरून जोंधळ्याचं पीठ परडीत ओतलं. परडी तिच्या हातात खाली झुकली.

"एवढं घालतात होय?" ती खेकसली. "मूठभर घालायचं असतं. रीत माहीत नाही तुला?"

"माझी मूठ मोठी आहे."

तिनं परडी कमरेला टेकवली, पिठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पाच घरं झाली की परत आणून देते," म्हणाली.

"दहा घे," मी म्हटलं. "विद्यानगरला पण जा. मी जात होते."

नवसाला पाचच घरं लागतात, हे तिला माझ्याहून पक्कं माहीत होतं. मला वाटलं, आता परडी खाली ठेवते. पण तिनं पदर सारखा केला आणि शिंपिणीच्या दाराकडं वळली. त्या शुक्रवारी तिनं किती घरं घेतली ते मला माहीत नाही. मला कामाला उशीर झाला होता.